सहाजणांचे यंत्र

चौतीस वर्षे मी नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवला. त्या चौतीस वर्षांत मुलांना एक गोष्ट मी न चुकता बजावत आलो : साधने पाहिल्यावाचून निकाल देऊ नये. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, हे सांगताना तर माझा आवाज नेहमी थोडा चढत असे. अशा माणसाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या ओहायो संस्थानात, एका यंत्रापुढे उभे राहून, अंगाचे पोलाद झालेल्या एका रशियन पहिलवानाच्या रूपाने येईल त्याला गुद्दे घालावेत, ही काही प्रतिष्ठेची गोष्ट नव्हे. पण दिवाळी अंकाच्या वाचकांपासून काय लपवायचे? घरचीच माणसे तुम्ही.

झाले ते असे. आमचे चिरंजीव क्लीव्हलँडजवळ राहतात. सुपरमॅन जन्मला तो याच गावात. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही इथल्या ग्लेनव्हिल हायस्कुलातली दोन पोरे. त्यांनी तो कल्पिला आणि 1938 साली अवघ्या 130 डॉलरांना त्याचे हक्क विकून टाकले. त्या सौद्याची हळहळ त्यांना जन्मभर पुरली. ही हकीकत ऐकून मी नातवाला म्हटले, “म्हणजे तुमच्या गावात देव घडवून स्वस्तात विकण्याची परंपराच आहे म्हणायची!” नातू अकरा वर्षांचा. तो म्हणाला, “आजोबा, चला, मी तुम्हाला खरे सुपरहीरो दाखवतो.” आणि त्या शनिवारी बापलेक मला जुन्या खेळयंत्रांच्या एका दालनात घेऊन गेले. दारात एकदा पैसे भरायचे, मग दिवसभर वाटेल ते खेळायचे, अशी तिथली रीत.

भिंतीशी एक यंत्र होते. रुंदीला आमच्या माजघरातल्या जुन्या कपाटाला आडवे पाडावे तेवढे. शेजारीशेजारी जोडलेले दोन पडदे, आणि त्यांच्यापुढे ओळीने सहा दांड्या नि सहा बटणसंच. जपानच्या कोनामी कंपनीने 1992 साली काढलेला ‘एक्स-मेन’ हा खेळ. एकाच वेळी सहाजणांनी खांद्याला खांदा लावून खेळायचा. याची दोघांची आणि चौघांची यंत्रेही निघाली होती. पण मानकरी हे सहाजणांचे.

आता हे एक्स-मेन कोण? मार्व्हल कंपनीसाठी स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1963 साली हे पात्रसमूह उभे केले. सुपरमॅन परग्रहावरचा, याउलट ही माणसे आपल्यातच जन्मलेली. जन्मतःच अंगी काही विलक्षण शक्ती, आणि तेवढ्यासाठीच जगाने वाळीत टाकलेली. प्रारंभी त्यांना वाचकही फारसे लाभले नाहीत. 1970 पासून पाच वर्षे तर कंपनी त्यांच्या जुन्याच गोष्टी पुन्हा छापून वेळ मारून नेत होती. 1975 साली लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवी मंडळी आणली : केनियन राजकन्येच्या पोटची स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरिन, सोव्हिएत रशियातल्या शेतकऱ्याचा पोर कोलोसस. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन मुलांच्या पुस्तकात एक रशियन नायक व्हावा, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे सोळा वर्षे ख्रिस क्लेअरमाँट याने त्यांच्या कथा लिहिल्या, आणि 1991 साली त्याच्या व जिम ली याच्या एका नव्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या. कोनामीचे यंत्र आले ते या भरतीच्या लाटेवर. मौज अशी की, खेळातली पात्रे घेतली होती 1989 सालच्या एका व्यंगचित्रपटावरून, आणि त्या चित्रपटाची मालिका काही निघालीच नाही. चित्रपट विसरला गेला. यंत्र मात्र राहिले.

“आजोबा, तुम्ही कोलोसस व्हा,” नातवाने फर्मावले. “त्याला फार अक्कल लागत नाही.”

मी झालो. डाव्या हाताने दांडी, उजव्या हाताने तीन बटणे : एक गुद्द्याचे, एक उडीचे आणि एक त्या विलक्षण शक्तीचे. पण हे तिसरे बटण फुकटचे नव्हे. ते दाबले की कोलोसस अशी डरकाळी फोडतो की आसपासचे शत्रू उडून पडतात; मात्र त्यापायी आपल्याच प्राणांतला एक तुकडा कापला जातो. ऋषींचे तप शाप दिल्याने खर्ची पडे, त्यातलाच प्रकार. मी पहिल्या दोन मिनिटांत सहा शाप दिले आणि सातव्याला मेलो.

या जातीच्या खेळांचाही एक इतिहास आहे. 1984 साली जपानच्या आयरेम कंपनीचा ‘कुंग-फू मास्टर’ आला. एकटा नायक, पाच मजले, आणि दोन्ही बाजूंनी चालून येणारे मारेकरी. दोन वर्षांनी टेक्नोस कंपनीच्या योशिहिसा किशिमोतो याने आपल्याच शाळकरी वयातल्या मारामाऱ्या आठवून कुनिओ नावाच्या दांडगट पण दिलदार विद्यार्थ्याचा खेळ रचला. नायकाला नाव दिले ते कंपनीच्या अध्यक्षाचे! 1987 साली त्यानेच ‘डबल ड्रॅगन’ काढला. त्यात दोन भाऊ बरोबरीने लढतात, गुंडांनी पळवलेल्या मुलीला सोडवतात. आणि दोघेही अखेरपर्यंत जिवंत राहिले, तर यंत्र त्यांना एकमेकांशीच लढायला लावते. महाभारत काय किंवा हे यंत्र काय, भावांना एकत्र सुखाने घरी जाऊ द्यायचे नाही हा नियम दोहोंकडे एकच. पुढे 1989 साली कॅपकॉमचा ‘फायनल फाइट’ आला. त्यात शहराचा नगराध्यक्षच उघड्या अंगाने रस्त्यावर उतरून गुंडांना लोळवतो. आपल्या नगरपालिकांच्या अनुभवावरून ही कल्पना मला सर्वांत अद्भुत वाटली. त्याच वर्षी कोनामीने निन्जा कासवांचा चौघांनी खेळायचा खेळ काढला, आणि तीन वर्षांनी चाराचे सहा केले.

चाराचे सहा का? याचे उत्तर शौर्यात नाही, गल्ल्यात आहे. 1978 सालच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये हरलात की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक चांगला खेळाडू एका नाण्यावर तासन् तास उभा राही आणि मालक त्याच्याकडे खिन्नपणे पाहत बसे. 1985 साली अटारीच्या ‘गॉन्टलेट’ने ही घडी मोडली. चारजण एकत्र, कोणी केव्हाही सामील व्हावे, आणि प्राण मिनिटामिनिटाला आपोआप घटत जावेत. नवे नाणे टाकले की नवा प्राण. मारामारीच्या खेळांनी तोच धडा गिरवला. मेलात? पडद्यावर उलटे आकडे सुरू होतात. तेवढ्यात नाणे टाका, पडलात तिथूनच उठा. म्हणजे मरण हा या खेळाचा शेवट नव्हे. तो त्याचा भाडेदर आहे. अमेरिकेत पाव डॉलर, आपल्याकडे रुपया. सहाजण खेळू लागले की सहा खिसे एकदम उघडतात. अखेरीस मॅग्नेटो नावाचा खलनायक, मरायला तुमचे स्वागत असो, अशा अर्थाचे एक मोडके इंग्रजी वाक्य बोलतो. जपानी कारखान्यात घडलेले हे वाक्य इंग्रजी मुलखात आजही थट्टेचा विषय आहे. मला मात्र ते त्या यंत्रातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे स्वागत इतके खरे बोलून क्वचितच केले असेल.

हा सिद्धान्त मी उत्साहाने चिरंजीवांना ऐकवला. शेवटी म्हटले, “एकूण काय, पोरांचे खिसे कापण्याचे यंत्र. मी तेव्हाच ओळखले होते.”

तो दांडीवरचा हात न काढता म्हणाला, “बाबा, तो रुपया तुमचा नव्हता.”

वाचकहो, आता मला 1994 सालात जाणे भाग आहे. चिरंजीव तेव्हा आठवीत. आमच्या घराजवळच्या गल्लीत व्हिडिओ गेमचे एक दुकान निघाले होते. त्यात कॅपकॉमचा 1993 सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ. मार्क शुल्ट्झ याच्या चित्रकथांवरून घेतलेला. पण हे नाव आपल्याकडच्या पोरांनी कधी उच्चारलेच नाही. त्यातल्या पिवळ्या टोपीच्या वीरावरून सारी पोरे त्याला ‘मुस्तफा’ म्हणत. मला यातले काही ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते एवढेच की, फडताळातल्या डब्यातली चिल्लर कमी भरते आहे आणि मुलगा शाळेतून उशिरा येतो आहे. दोन आणि दोन चार. मी त्या दुकानात शिरलो, त्याला कान धरून बाहेर काढला, आणि त्याच्या मित्रांदेखत ‘चोर’ म्हणालो. पुन्हा तो तिकडे गेला नाही. मला वाटले, शिस्त लागली.

“मी शाळेतून बसने येत नसे,” तो सांगत होता. “पायी येई. बसचे पैसे वाचत, त्यांत आठवड्याला दोनतीन रुपये पडत. आम्ही तिघे खेळत होतो. त्यातल्या एकापाशी कधीच पैसे नसत. त्याचा रुपयाही मीच भरी. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा शेवटच्या स्टेजला पोहोचलो होतो.”

“मग तू मला सांगितले का नाहीस?”

“तुम्ही विचारले कुठे?”

नातू मध्येच ओरडला, “बाबा, डावीकडे बघा!” आणि बापाने डावीकडून आलेल्या एका यंत्रमानवाला लाथ घातली. बोलणे तिथेच राहिले. मी दांडी धरून उभा होतो. पोलादी कोलोसस एका जागी गोठल्यासारखा उभा, आणि लहानसहान शत्रू येऊन त्याला बडवत होते.

रात्री जेवताना मी ही गोष्ट हिच्या कानावर घातली. ही वरण वाढता वाढता थांबली. “ती चिल्लर ना? भाजीवाल्याला मीच देत होते. तुम्हाला तेव्हाच सांगितले होते. तुम्ही ऐकून घेतलेत कुठे?”

म्हणजे साधन उपलब्ध होते. साक्षीदार घरातच होता, त्याने साक्षही दिली होती, आणि इतिहासाच्या मास्तरांनी ती दप्तरात दाखल करून घेतली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. नातवाकडून कळले होते की, असल्या जुन्या खेळांचे जतन करणारेही लोक आहेत. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन गृहस्थाने 1997 साली ‘मेम’ नावाची एक योजना सुरू केली. यंत्रांच्या चिपांमध्ये कोरलेला मजकूर उतरवून घ्यायचा आणि साध्या संगणकावर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल चालवायची. हे काम निकडीचे होते. यंत्रे गंजतात, चिपा मरतात, कंपन्या बुडतात किंवा विसरतात. एक्स-मेनचाच हा खेळ 2010 साली घरगुती यंत्रांसाठी पुन्हा विकायला काढला होता. 2013 अखेर तो विक्रीतून काढून घेण्यात आला. 2021 साली तो घरी ठेवण्याजोग्या लहान यंत्राच्या रूपाने परत आला. वाड्याच्या माळ्यावरचे रुमाल सोडवून मोडी कागद उतरवून घेणाऱ्यांची आणि या लोकांची जात एकच, असे मला वाटले, आणि अभिमानही वाटला.

पण अंथरुणावर पडल्यापडल्या ध्यानात आले की, चिपेत उतरते ते किती थोडे. सहा दांड्यांपाशी सहाजण उभे राहिले म्हणजे कोपराला कोपर लागते. एकजण मागे राहिला की पडदा पुढे सरकत नाही, सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावे लागते. आणि उलटे आकडे सुरू झाले म्हणजे ज्याच्यापाशी नाणे आहे त्याने, ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडे पाहायचे असते. मालकाने यंत्र लावले ते सहा खिसे उघडावेत म्हणून. नाशिकच्या त्या गल्लीत एका पोराने एकाच खिशातून दोघांचे नाणे भरले. मी सकाळी मोठ्या डौलाने सांगितलेला सिद्धान्त खोटा नव्हता. पण गल्ल्याचा इतिहास म्हणजे पोरांचा इतिहास नव्हे, हे मास्तरला कळायला तीस वर्षे लागली.

पुढच्या शनिवारी मीच म्हटले, “चला.” यंत्रापाशी मी चिरंजीवांच्या शेजारची दांडी धरली. क्षमा मागायला शब्द जुळवून नेले होते, ते काही उच्चारता आले नाहीत. आमच्या पिढीला ते वळण नाही. मी एवढेच म्हणालो, “त्या दिवशी मी तपास न करता बोललो. चूक झाली.” तो म्हणाला, “असू द्या हो बाबा. तुमचा प्राण संपत आलाय, मागे सरा, मी पुढे होतो.” आणि तो खरेच पुढे झाला.

दोन शेजारची अनोळखी पोरे येऊन मिळाली. आम्ही पाचजण मॅग्नेटोच्या लघुग्रहावर पोहोचलो. त्याने आपले ते मोडके स्वागत केले. पाऊण तासाने तो पडला, तेव्हा नातवाने जाहीर केले की, आजोबा एकूण एकतीस वेळा मेले. या दालनात नाणी लागत नाहीत, म्हणून मरण फुकट. पण सवय जात नाही. मी मनाशी हिशेब मांडला. एकतीस मरणे म्हणजे एकतीस रुपये. शाळा ते घर पायी, आठवड्याला तीन रुपये धरले, तरी दहा आठवडे. दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत.

परतताना गाडीत मी चिरंजीवांना विचारले, “ज्याच्यापाशी पैसे नसत, तो मुलगा आता कुठे असतो?”

“नाशिकलाच,” तो म्हणाला. “दिवाळीला फोन करतो दरवर्षी.”

यंदा फोन आला म्हणजे मलाही द्यायला सांगितले आहे.