मांजरसुंबा फाटा : चार रस्ते, एक थांबा

बीडचा इतिहास म्हटलं की आपण कंकालेश्वर मंदिर नाहीतर खजाना विहीर दाखवतो. आज मात्र मी तुम्हाला एका फाट्यावर उभं करणार आहे.

बीडहून सोलापूरकडे निघालं, की पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागतं. पुढे घाट चढला की मांजरसुंबा. इथून उत्तरेला बीड, दक्षिणेला चौसाळा, पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाई आणि पश्चिमेला लिंबागणेश, पाटोदा. लिंबागणेशला भालचंद्र गणपती. जवळच कपिलधार, तिथे धबधबा आणि ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथ स्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला लिंगायत भाविकांची तिथे मोठी यात्रा भरते.

आता जरा मागे जाऊ. 1932 साली निजामाच्या रेल्वेने 27 गाड्यांवर आपली बससेवा सुरू केली. 1 जून 1948 ला पहिली एसटी धावली ती नगर-पुणे. नगर म्हणजे आपलं शेजारचंच, पण तेव्हा ते मुंबई प्रांतात आणि आपण निजामाच्या राज्यात! 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, तरी आपण मुंबई राज्यात आलो ते 1 नोव्हेंबर 1956 ला. आणि बीडला रेल्वे? ती आली 17 सप्टेंबर 2025 ला.

म्हणजे बघा, इतकी वर्षं बीडच्या माणसासाठी स्टेशन म्हणजे फाटाच होता. दवाखाना, कॉलेज, लेकीचं सासर, सगळं या चौकातून. दसरा-दिवाळी झाली की इथूनच ऊसतोडीच्या गाड्या जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, सोबत भांडीकुंडी आणि लेकरं. गावात मागे राहतात म्हातारी माणसं. मीही बॅग घेऊन पुण्याला याच रस्त्याने गेलो. फरक एवढाच, की माझ्या हातात ऑफर लेटर होतं, त्यांच्या डोक्यावर उचल.

आता गंमत ऐका. बिंदुसरा बालाघाटातून उत्तरेला उतरते, मांजरा याच रांगेतून पूर्वेकडे जाते. तोंडं वेगळी, पण दोघींचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं. इथून पांगलेली माणसं मात्र सगळीच परत येतात असं नाही.

विहिरीवर शिलालेख असतो, फाट्यावर नसतो. म्हणून एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, “तुम्ही पहिल्यांदा गाव सोडलं, तेव्हा कुठल्या फाट्यावर उभे होता?” उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. तोच आपला शिलालेख.

भेटू पुढच्या भागात!