नाताळच्या नेवऱ्या



नाताळ जवळ आला की आम्ही घरोघरी नेवऱ्या तळायला बसतो. चवथीला हिंदू शेजारणीकडून येते, तीच ही नेवरी. सारण वेगळे असेल, पारी तीच.

१७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने फर्मान काढले. ख्रिस्ती घरांत हिंदूंसारखा अळणी भात शिजवण्यासही बंदी झाली. भातातल्या मिठावरून श्रद्धा जोखली गेली. हे प्रभूच्या नावाने घडले, हे आपण मान्य केले पाहिजे. तरीही नेवरी आपल्या चुलीवर टिकली.

प्रभूने शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले, ते दुसऱ्याच्या भातावर पाळत ठेवण्यासाठी नव्हे. यंदा पहिले ताट शेजारी पाठवू या. दुखवट्यामुळे ज्या घरी कढई चढली नाही, तिथे मात्र स्वतः जाऊ या.