आश्रयाला आलेले देव : अंत्रुज महालाच्या इतिहासातील एक प्रकरण

श्रींच्या उत्सवास आलेला महाजन मंदिराच्या प्राकारात उभा राहून 'हे आमच्या कुलदेवतेचे मूळ स्थान' असे सहज बोलून जातो. भक्तीच्या दृष्टीने ते खरेच आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. श्रीमंगेश हा मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. श्रीशांतादुर्गा केळशीची, श्रीम्हाळसा वेर्ण्याची, श्रीरामनाथ लोटलीचा, तर श्रीमहालक्ष्मी कोलव्याची. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे ही आज आपल्याला तीर्थक्षेत्रे वाटतात. सोळाव्या शतकात तीच आश्रयस्थाने होती. देव तेथे पाहुणे म्हणून नव्हे, तर निर्वासित म्हणून आले. हे कसे घडले, याचे स्मरण या स्मरणिकेच्या निमित्ताने करणे उचित होईल.

इ. स. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवे शहर व तिसवाडी बेट जिंकले. 1540 मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. 1543 मध्ये सासष्टी व बारदेश हे दोन महाल आदिलशाहीकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमचे गेले. अंत्रुज मात्र विजापूरच्या अमलाखाली राहिला. त्यामुळे अघनाशिनी, म्हणजे जुवारी नदी, ही दोन राज्यांमधील सीमा बनली. ज्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या होड्या निर्वेधपणे ये-जा करीत, त्या पाण्याच्या दोन काठांवर दोन कायदे लागू झाले.

लोक का गेले, याचे उत्तर केवळ 'धर्मच्छळ' या एका शब्दाने पुरते मिळत नाही. 1559 मध्ये एक फर्मान निघाले. अनाथ हिंदू मुले नातलगांच्या हाती न ठेवता धर्मांतरासाठी पाद्र्यांच्या स्वाधीन करावीत, असा त्याचा आशय होता. आईबाप दगावले, तर चुलता, मामा जिवंत असूनही मूल परके होणार, या भयाने कितीतरी कुटुंबांची झोप उडाली असेल. अशा मुलांना लपविणे, त्यांना हद्दीपलीकडे पोहोचविणे हा अपराध ठरला. आपल्याच पुतण्याला घेऊन नदी ओलांडणारा चुलता कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार झाला.

1560 हे वर्ष तर निर्णायक ठरले. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि व्हाइसरॉय दों कोन्स्तांतिनु द ब्रागांस याने ब्राह्मणांना राज्याबाहेर काढण्याचा हुकूम काढला. मालमत्ता विकून निघून जाण्यास अवघ्या एका महिन्याची मुदत होती. ज्या गावाची गावकरी आपल्या पूर्वजांनी वसविली, जेथे बांध घालून खाजण जमीन समुद्राकडून मिळविली, त्याच गावात ते कागदाच्या एका तुकड्याने उपरे झाले. पुढे 1567 मध्ये राशोलचा कप्तान दियोगु रॉड्रिगिश याच्या हुकुमतीत सासष्टीतील सुमारे 280 देवळे उद्ध्वस्त झाली.

मूर्ती रातोरात होडीतून पार नेल्या, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले आहे. प्रत्येक देवस्थानाच्या आख्यायिकेत तपशील वेगळे आहेत. कोठे शेतकऱ्याने आसरा दिला, कोठे रानात लिंग ठेवले. परंतु हे सर्व उघडपणे, वाजतगाजत होणे शक्य नव्हते, हे तर्कालाही पटणारे आहे. आज पालखीपुढे वाजंत्री वाजतात, तेव्हा त्या मूक प्रवासाची आठवण ठेवावयास हवी.

राज्यकर्त्यांची एक अडचण येथे नमूद केली पाहिजे. त्यांना देव नको होते, परंतु शेत पिकविणारे हात आणि सारा भरणारे गावकर हवे होते. लोक जाऊ लागले तसतशी जमीन पडीक राहू लागली, आणि कडक हुकुमांच्या मागोमाग सवलती देणे भाग पडले. अनेक घराण्यांत अशी परंपरा सांगतात की, एका भावाने जमीन राखण्यासाठी बाप्तिस्मा घेतला व दुसरा देव घेऊन पलीकडे गेला. यांपैकी कोणास दोष द्यावा? दोघांनीही घर वाचविण्याचाच प्रयत्न केला. पुढे ख्रिस्ती झालेल्यांच्या वाट्यालाही सुख आले नाही. जुन्या चालीरीती पाळल्याच्या संशयावरून इन्क्विझिशनने त्यांचाच अधिक छळ केला. 1736 च्या जाहीरनाम्याने तर लग्नकार्यातील व घरातील कितीतरी प्रथांवर बंदी घातली. म्हणूनच मंगळूरकडे गेलेल्या निर्वासितांत ख्रिस्ती कुटुंबेही होती.

काही जण अंत्रुजातही थांबले नाहीत. कारवार, भटकळ, मंगळूर करीत ते थेट कोचीपर्यंत पोहोचले. तेथील राजाने त्यांना आश्रय दिला आणि त्यांनी तिरुमल देवस्थान उभारले. एक शतक लोटले, तरी या मंडळींनी आपली लिपी टाकली नव्हती. डच अधिकारी व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याला साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोचीतील तिघे वैद्य याच समाजातील होते. 1675 मध्ये त्यांनी कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत लिहून दिलेले प्रमाणपत्र 1678 साली आम्स्टरडॅम येथे छापलेल्या पहिल्या खंडात आहे. ज्यांना महिन्याच्या मुदतीने घालवून दिले, त्यांच्या वंशजांची विद्या युरोपच्या ग्रंथालयांत जाऊन बसली. घालविणाऱ्या राज्याने काय गमावले, हे यावरून कळून येते.

अंत्रुजातील साध्या छपरांच्या जागी भव्य मंदिरे उभी राहिली ती अठराव्या शतकात. छत्रपती शाहूंच्या दरबारातील मंत्री नारोराम शेणवी रेगे यांच्या पुढाकाराने 1738 च्या सुमारास कवळ्याचे मंदिर बांधले गेले. मंगेशीस रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या खटपटीने 1739 मध्ये पेशव्यांकडून इनाम मिळाले. हे दोघेही घरापासून दूर, परमुलखात नावलौकिकास आलेले. परगावच्या कमाईतून देवाचे ऋण फेडण्याची आपली रीत किती जुनी आहे, हे येथे दिसते. 1763 मध्ये अंत्रुजही पोर्तुगीजांकडे गेला. तोवर काळ पालटला होता आणि येथील देवस्थानांना अभय देण्यात आले. इन्क्विझिशन मात्र 1812 मध्येच कायमचे बंद झाले.

हा इतिहास चारशे वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूस ठेवता येत नाही. 1972 मध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले, तेव्हा त्यांत गोमंतकीयही होते. महिन्याऐवजी तीन महिने, एवढाच काय तो फरक. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, आणि त्या पारपत्रावर आपल्यातीलच कित्येक तरुण युरोपात कामधंद्यास गेले आहेत. ज्या राज्याने घालविले, त्याच राज्याचा कागद आज बाहेर जाण्याचे दार झाला आहे. दुसरीकडे, परप्रांतांतून कामासाठी गोव्यात येणाऱ्या मजुराकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हेही स्वतःस विचारावे. कायदा प्रत्येक राज्याला हवाच, हद्दही हवी. पण हद्द ओलांडणारा माणूस कशातून सुटून आला, हे विचारण्याचे कर्तव्य तरी निर्वासित देवाच्या महाजनांनी विसरू नये.

कुंकळ्ळीची श्रीशांतादुर्गा फातर्पे येथे नेण्यात आली. दरवर्षी शिगम्यात बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह ती आपल्या जुन्या गावी येते, आणि त्या सोहळ्यात ख्रिस्ती गावकरही सहभागी होतात. ज्यांचे पूर्वज एका काठावर राहिले आणि ज्यांचे दुसऱ्या काठावर गेले, ते एका छत्राखाली उभे राहतात. आपल्या इतिहासाचा याहून समर्पक अर्थ सांगता येणार नाही. हीच सद्बुद्धी श्रींनी सर्व महाजनांस द्यावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.