‘धान’ शोधलं तर ‘धानाचे’ का सापडत नाही? ओपन सोर्स सर्च आणि वेबसाइटच्या धंद्याची माहिती

गोंदिया : मागच्या खरिपात आम्ही शेतीची माहिती देणाऱ्या एका संस्थेच्या वेबसाइटवर ‘पऱ्हे’ असं टाइप करून शोधलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही. मग ‘रोपे’ टाकलं, तर भात रोपवाटिकेचं पान लगेच उघडलं. माहिती होती, वेबसाइट चालू होती, मोबाइलला रेंजही होती. गाडी अडली ती फक्त शब्दापाशी.

अशी अडलेली गाडी पुढे काढून देणं हा जगभर चालणारा रीतसर व्यवसाय आहे. वेबसाइट बांधायची, तिच्यात शोधण्याची सोय बसवायची, ती नीट चालते की नाही यावर वर्षभर लक्ष ठेवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. यासाठी लागणारं बहुतेक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपल्या आठ तालुक्यांत बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून नागपूर-पुण्याची गाडी धरणारी पोरं बरीच आहेत. त्यांच्यासाठी आणि ज्यांना संस्थेची किंवा दुकानाची वेबसाइट करून घ्यायची आहे त्यांच्यासाठीही ही माहिती.

सर्च चालतो कसा

तलाठी कार्यालयाचा हिशेब डोळ्यासमोर आणा. ७/१२ गट नंबरवरून उघडतो आणि त्यावर खातेदारांची नावं असतात. ८-अ याच्या उलट. खातेदाराचं नाव घ्या, त्याच्या नावावरचे सगळे गट एका जागी दिसतात. सर्चचं सॉफ्टवेअर वेबसाइटचा असाच ८-अ तयार करतं. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या पानांवर आहे याची यादी. तुम्ही शब्द टाकला की ते सगळी पानं वाचत बसत नाही, यादी उघडून दाखवतं. म्हणून हजारो पानं असली तरी उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं.

हा ८-अ बनवणारं सर्वांत नावाजलेलं इंजिन म्हणजे ल्युसीन. अमेरिकेच्या डग कटिंग यांनी ते १९९९ मध्ये लिहिलं आणि पुढे अपाचे फाउंडेशनकडे दिलं. ल्युसीन हे त्यांच्या पत्नीचं मधलं नाव. त्यावर उभं राहिलेलं सोलर २००६ मध्ये अपाचेकडे आलं, आणि इलास्टिकसर्च २०१० मध्ये निघालं. वेबसाइट बांधायला वर्डप्रेस (२००३) आणि द्रुपल (२००१) ही दोन नावं मोठी. ही सगळी ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो, गिऱ्हाइकाच्या कामाला लावू शकतो. परवान्याचे पैसे नाहीत.

मात्र परवाना वाचायचा कंटाळा करू नका. जानेवारी २०२१ मध्ये इलास्टिकसर्चच्या कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला. त्यामुळे त्याच वर्षी ॲमेझॉनने जुन्या मोकळ्या कोडवरून ओपनसर्च नावाची वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये इलास्टिकने पुन्हा एक मोकळा परवाना पर्याय म्हणून दिला. गिऱ्हाइकाला काय बसवून देता आहात आणि ते उद्या कोणत्या अटीवर चालेल, हे सांगणं सल्लागाराचंच काम.

मराठीची अडचण आणि मराठीतली संधी

इंग्रजीत शब्दाचं रूप फारसं बदलत नाही. आपल्याकडे एक ‘धान’ किती कपडे बदलतो पाहा: धानाचा, धानाची, धानाला, धानावर, धानासाठी. मशीनच्या लेखी हे सगळे वेगळे शब्द. त्यात ‘पीक’चं ‘पिकाला’ झालं की ई ऱ्हस्व होते, आणि ‘तिरोडा’चं ‘तिरोड्यात’ झालं की शेवटच्या अक्षराचं रूपच बदलतं. म्हणून सर्चमध्ये शब्दाच्या शेपट्या छाटून मूळ रूप काढणारा छोटा प्रोग्राम लावावा लागतो. त्याला स्टेमर म्हणतात.

ल्युसीनमध्ये हिंदीचा स्टेमर आहे. तो ज्या पद्धतीवर बेतलेला आहे ती मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतल्या अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांनी २००३ मध्ये मांडली. म्हणजे मुंबईत तयार झालेली युक्ती आज जगभरच्या सर्व्हरवर चालते. बंगाली, तेलुगू, नेपाळीसाठीही ल्युसीनमध्ये सोय आहे. मराठीचा स्वतंत्र विभाग नाही.

मराठीवर काम झालंच नाही असं मात्र नाही. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातल्या लिलियाना डोलामिक आणि झाक साव्हॉय यांनी हिंदी, मराठी आणि बंगाली शोधाचा तुलनात्मक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्यय छाटल्यावर मराठीतला शोध सुधारतो हे त्यात दिसलं. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या मदतीवर ‘संधान’ नावाचं भारतीय भाषांचं सर्च इंजिन तयार झालं, त्यात पर्यटनाची माहिती मराठीतही शोधता यायची. पण वर्डप्रेस घ्या, बटण दाबा आणि मराठी सर्च सुरू, अशी तयार वस्तू बाजारात नाही. ती बसवून देणाऱ्याला काम आहे ते यामुळेच.

काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘त’ हा प्रत्यय छाटायला सांगितला तर ‘गोंदियात’चं ‘गोंदिया’ होतं, छान. पण त्याच नियमाने ‘शेत’चं ‘शे’ होतं आणि ‘भात’चं ‘भा’. ‘ला’ छाटला तर ‘आमगावला’ सुधारतं आणि ‘बंगला’ बिघडतो. म्हणून किमान किती अक्षरं उरली पाहिजेत याची अट आणि न छाटायच्या शब्दांची यादी, दोन्ही लागतात. ही यादी मराठी येणाऱ्या माणसालाच करता येते.

दुसरी खोच टायपिंगची. आपल्या ‘पऱ्हे’ किंवा ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यामागे एक न दिसणारी खूण. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण मशीनला वेगळे. इथे हिंदीसाठी बनवलेली साफसफाई आपल्यालाही उपयोगी पडते. ती न दिसणारी खूण काढते, ‘ऱ’चा ‘र’ करते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसते. मग ‘दीन’ शोधणाऱ्याला ‘दिन’ही दिसतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. आकडेही एकसारखे करून घ्यायचे, नाहीतर ‘७/१२’, इंग्रजी अंकांतला तोच आणि ‘सातबारा’ अशी तीन घरं होतात.

तिसरी गोष्ट सर्वांत आपली. पुस्तकी मराठीत ‘भात’, आपल्याकडे ‘धान’. तिकडे ‘लागवड’, इकडे ‘रोवणी’. ‘रोपे’ आणि ‘पऱ्हे’. ‘माजी मालगुजारी तलाव’ असं कागदावर, आणि तोंडी नुसता ‘मामा तलाव’. यासाठी सोलर, ओपनसर्च या सगळ्यांत समानार्थी शब्दांची साधी फाइल असते. एका ओळीत स्वल्पविराम देऊन शब्द लिहायचे, झालं. पुण्यात बसलेल्या हुशार इंजिनिअरला ही फाइल भरता येणार नाही. अर्जुनी मोरगावच्या पोराला ती एका संध्याकाळी भरता येते.

जुना मजकूर ही वेगळीच डोकेदुखी. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दिसतं मराठी, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. ते आधी युनिकोडमध्ये बदलावं लागतं. स्कॅन केलेल्या पीडीएफ असतील तर चित्रातून अक्षरं वाचणारं टेसरॅक्ट हे मोकळं सॉफ्टवेअर मराठी वाचतं. ते चुका करतं, तपासणीला माणूस लागतोच. वेळेचा अंदाज देताना नवी पोरं इथेच फसतात.

पैसे कशाचे

सॉफ्टवेअर फुकट, मग बिल कशाचं? वेळेचं आणि जबाबदारीचं. बसवण्याचं काम एकदाच असतं. खरा आधार वर्षाच्या देखभालीच्या कराराचा: अपडेट, बॅकअप, साइट बंद पडली तर उठून पाहणं. तिसरा भाग शिकवण्याचा, म्हणजे संस्थेतला क्लार्क स्वतः बातमी टाकू शकेल इतकं त्याला तयार करणं.

हिशेब प्रामाणिक करा. समजा दिवसाचा दर २,५०० रुपये ठेवला. महिन्यात कामाचे दिवस २२ धरले तर कागदावर ५५,००० होतात. पण गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन देणं, उधारी मागणं यात दिवस जातात. त्यातले १२ दिवस बिलात लागले तर हातात ३०,०००, आणि त्यातूनच सर्व्हर, इंटरनेट, इन्व्हर्टर. दर ठरवताना २२ नव्हे, १२ धरा.

गिऱ्हाईक कोण, हेही नीट बघा. राइस मिलच्या पाच पानांच्या वेबसाइटला सर्च लागत नाही. तिथे सर्च विकणारा गडी तुम्हाला फसवतो आहे. सर्च लागतो तो जिथे मजकूर ढीगभर आहे तिथे: वृत्तपत्राचे जुने अंक, कॉलेज, ग्रंथालय, शेतीची माहिती देणारी संस्था. असं गिऱ्हाईक एका जिल्ह्यात मोजकंच. म्हणून या धंद्यातले लोक बाहेरची कामं घेतात. पुण्याची आरटीकॅम्प ही कंपनी २००९ पासून वर्डप्रेसच्याच कामावर उभी आहे आणि तिचं गिऱ्हाईक परदेशातही आहे. अशा कंपन्या ओपन सोर्स प्रकल्पांना सुधारणा परत देतात, आणि ते जाहीर काम पाहूनच नवं गिऱ्हाईक येतं. नवख्या पोरासाठीही हाच बायोडेटा. मराठीची न छाटायच्या शब्दांची यादी करून मोकळ्या परवान्यावर टाकली तर ती जगाला दिसते.

सरकारी कामाकडे डोळे लावून बसू नका, पण दार बंदही नाही. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. खरेदी बहुतेक जेम पोर्टलवरून होते.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी गिऱ्हाइकाचं काम जीएसटीत शून्य दरात येतं, पण त्याची कागदं सीएकडून करून घ्या.

वेबसाइट करून घेणाऱ्यांनी

डोमेन नाव तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर, तुमच्या ईमेलवरच नोंदवा. बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्याशी बिनसलं की नाव गेलं. बॅकअपची एक प्रत स्वतःकडे घ्या. ‘.भारत’मध्ये देवनागरी डोमेनही मिळतं, २०१४ पासून ते सुरू आहे, पण सोबत ‘.इन’ही घेऊन ठेवा, कारण बऱ्याच जणांच्या मोबाइलवर पत्ता अजून इंग्रजीतच टाइप होतो.

आणि काम देताना एक अट जरूर लिहा: लोकांनी काय शोधलं आणि काय सापडलं नाही, याची यादी दर महिन्याला मिळाली पाहिजे. सर्चचं सॉफ्टवेअर ही नोंद ठेवू शकतं, फक्त ती सुरू करावी लागते. त्या यादीत ‘बांधी’, ‘बोडी’, ‘पऱ्हे’ असे शब्द येतील. त्यांचा पुस्तकी अर्थ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचा, आणि समानार्थी फाइलमध्ये एक ओळ वाढवायची.