रंगाची साक्ष

करवीरच्या पंगतीचा रंग कोणता, असे परगावच्या पाहुण्यास विचारले तर तो क्षणाचाही विलंब न लावता 'तांबडा' असे सांगेल. कोल्हापूर आणि तांबडा रस्सा यांची सांगड लोकांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की, हा रंग महालक्ष्मीच्या देवळाइतकाच जुना असावा असे वाटू लागते. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या मिसळणाच्या डब्यात शेजारी शेजारी बसलेल्या पुडींची वये निरनिराळी आहेत. डोळ्यांना दिसणारा रंग हा इतिहासाच्या दरबारातला फार बोलका, परंतु फारसा विश्वासू नसलेला साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी करावी, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

प्रथम पिवळा रंग घेऊ. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापुरावर शिलाहार गंडरादित्याचे राज्य होते आणि त्याचे सार्वभौम कल्याणीचे चालुक्य होते. त्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या उपभोगांत त्याने अन्नभोगासही स्थान दिले आणि पाककृती तपशिलाने लिहिल्या. त्यांत हळद आहे, हिंग आहे, आले आहे, मिरे आहेत. मिरची मात्र नाही. असणारच कशी? ती त्या काळी समुद्रापलीकडे अमेरिका खंडात होती आणि त्या खंडाची वार्ताही आपणांकडे नव्हती. म्हणजे गंडरादित्याच्या मुदपाकखान्यात रस्सा शिजत असलाच, तर तो पिवळा, करडा किंवा पांढरा असेल. तांबडा खचित नव्हता. तिखटपणा होता, पण तो मिऱ्याचा आणि आल्याचा.

पुढे चारशे वर्षांनी गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याची ये-जा होती. इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघालेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने हळदीला 'या भूमीचे केशर' म्हटले आणि ती रंगवण्यास व अन्नात घालण्यास वापरतात, अशी नोंद केली. पिवळ्या रंगाची साक्ष अशी लेखी, सलग आणि भक्कम आहे.

तांबड्या रंगाचे तसे नाही. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मिरची युरोपात गेली. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. ती कोणत्या घाटाने वर चढली आणि पहिले रोप कोणी लावले, हे लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नाही. परसात आलेल्या रोपट्याची दफ्तरात नोंद कोण करतो? परंतु कागद जेथे मुका होतो तेथे भाषा बोलते. आपण या नव्या फळास नवे नाव दिले नाही. 'मिरे' या जुन्या शब्दावरूनच 'मिरची' म्हटले. कानडीतही मिऱ्याच्याच नावाला 'कायी' जोडून 'मेणसिनकायी' असा शब्द झाला. नवा पाहुणा जुन्या रहिवाशाच्या जागी बसला, हे या नावांतच नमूद आहे. गंमत अशी की, १५४२ साली लिओनार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मिरचीचे चित्र छापले तेव्हा तिला 'कालिकतचे मिरे' असे नाव दिले. अर्ध्या शतकाच्या आत युरोपातले विद्वानही तिचे माहेर हिंदुस्थान समजू लागले होते!

हा पाहुणा इतक्या लवकर घरचा का झाला? मिरे मलबारच्या ओल्या हवेत येतात. देशावर ते विकत आणावे लागत. मिरची आपल्या कोरड्या रानात, शेताच्या कडेला, थोड्या पाण्यावर येते. मिरी हा व्यापाऱ्याचा माल होता. मिरची कुणब्याची झाली. भाकरीला चव आणण्यासाठी गाठीस पैसा लागेनासा झाला. तांबड्या रंगाचा विजय हा राजवाड्यातून खाली आलेला नसून रानातून वर चढलेला आहे, असे मला वाटते.

येथे उलटतपासणीचा दुसरा प्रश्न येतो. तांबडे ते तिखट काय? कोल्हापूरच्या गृहिणीस याचे उत्तर रसायनशास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. ब्याडगी मिरची रंगाने लालभडक, पण चवीला सौम्य. लवंगी दिसायला किरकोळ, पण जिभेचा ताबा घेणारी. तिखटपणा देणारे द्रव्य मुळी रंगहीन असते आणि तांबडा रंग देणारे द्रव्य वेगळेच. म्हणून उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना रंगासाठी एक मिरची आणि तिखटासाठी दुसरी, असा मेळ घालावा लागतो. मिरच्या वाळवणे, देठ मोडणे, मसाले भाजणे, कांदा-लसूण-खोबरे घालून डंकावर कुटणे, हे सारे एका शास्त्राचेच भाग आहेत. हळदीचेही तसेच. ओला कंद काहिलीत शिजवून, उन्हात वाळवून आणि घासून मग हळकुंड होते. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर येथे ती जमिनीखालच्या पेवांत साठवीत. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवे निकामी केली. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. उजळ ते शुद्ध काय? मिरची घरात कुटली जाई तोवर हा प्रश्न नव्हता. पूड बाजारातून पुडीत येऊ लागली तेव्हा गिऱ्हाइकाच्या हाती डोळ्यांखेरीज परीक्षेचे साधन उरले नाही, आणि डोळ्यांना फसवणे सोपे असते. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याची जागा घेतली. तरीही २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटात 'सुदान' हा कापड-मेणाचा रंग युरोपात सापडला आणि २००५ साली ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. बांगलादेशात हळदीला उजाळा देण्यासाठी शिसे असलेला पिवळा रंग मिसळीत असत. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. २०१९ मध्ये तेथे तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ निम्मे दूषित निघाले. शासनाने कडक उपाय योजताच २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. दोष हळदीचा नव्हता, तो अधिक पिवळी हळद मागणाऱ्या डोळ्यांचा आणि ती पुरवणाऱ्या हातांचा होता.

मग विश्वास कशावर ठेवावा? याचे उत्तरही हळदीनेच दिले आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्यास आव्हान दिले. 'आमच्या आज्या लावीत' एवढे म्हणणे तेथे पुरेसे नव्हते. संस्कृत ग्रंथांतील आणि १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखासह बत्तीस लेखी आधार पुढे ठेवावे लागले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आज परदेशांतील उपाहारगृहांत 'सोनेरी दूध' म्हणून विकले जाणारे पेय आपल्या घरी पडशावर मुलांना मुकाट्याने पाजले जाते. फरक इतकाच की, त्यांच्याकडे त्याचा दरफलक आहे आणि आपल्याकडे नोंद नाही.

हळद वाचली, कारण ती लिहिलेली होती. आपली चटणी मात्र अजून हातांच्या अंदाजातच आहे: एवढ्या मिरचीस एवढे धणे, एवढे खोबरे, अमुक गावची मिरची, अमुक दिवसांचे ऊन. हे प्रमाण जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज घरोघरी आहेत, उद्या नसतील. येत्या उन्हाळ्यात चटणी कुटाल तेव्हा शेजारी एक वही ठेवा आणि प्रमाण, गाव, साल व सांगणारीचे नाव तीत उतरवून घ्या. रंग वर्षभरात फिका पडतो. शाईने केलेली नोंद त्याहून बरीच टिकते.