दूरच्या तेजाचे गणित

काशीच्या राजाघाटास पूर्वी अमृतराव घाट म्हणत. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी तो दगडी पायऱ्यांनी बांधून काढला. पुण्याच्या इतिहासात ते भेटतात ते 1802 सालचे, होळकरांच्या स्वारीत सामील होऊन बंधू बाजीरावाच्या गादीवर आपल्या मुलाची सोय पाहणारे. काशीत मात्र त्यांची ओळख दानधर्माची. 1824 साली ते तेथेच निवर्तले. एकाच बाजूने पाहिलेला माणूस अर्धाच कळतो. आकाशातही हाच न्याय आहे.

काशीच्या संस्कृत कॉलेजातील आपल्या बापूदेव शास्त्र्यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर 1861 साली प्रसिद्ध झाले. त्याच साली मद्रासच्या वेधशाळेतून पॉग्सन यांनी ‘आशिया’ हा लघुग्रह शोधला. दुर्बिणीतूनही तो केवळ एक प्रकाशबिंदू. त्याचा आकार सांगावा तरी कसा?

वाट दाखविली ती 1898 साली सापडलेल्या ‘एरॉस’ने. त्याचे तेज कमीअधिक होते, हे 1901 साली ओपोल्झर यांच्या ध्यानी आले. लांबट पिंड फिरताना आडवा दिसला की उजळतो, टोकाकडून दिसला की मंदावतो. आणि एका फेरीत हे दोनदा घडते. म्हणून एरॉस दर 2 तास 38 मिनिटांनी उजळत असला तरी त्याची फेरी 5 तास 16 मिनिटांची आहे. त्याचे तेज कधी चौपटीपर्यंत बदलते, तर कधी हा बदल जवळजवळ नाहीसाच होतो. कारण त्या वेळी आपण त्याच्या आसाच्या रोखाने पाहत असतो.

शिवाय हा फरक आकाराचा की पृष्ठावरील डागांचा? सूर्यासमोरच्या वेधांवरून एवढे निःशंक ठरत नाही, असे रसेल यांनी 1906 साली दाखविले. तेव्हा निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या कोनांतून वेध घेणे आले. पुढे 2000 साली ‘नियर’ यान एरॉसभोवती फिरले. तो सुमारे 34 किलोमीटर लांब व 11 किलोमीटर रुंद निघाला. तेजाने सांगितलेला लांबटपणा खरा ठरला.

घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां नोकरदारांस या शास्त्राची शिस्त जवळची वाटते. दूरच्या वस्तूविषयी बोलता येते, पण वेधांची संख्या व दिशा सांगूनच. अमृतरावांविषयी निकाल देण्यापूर्वीही पुण्याचा वेध आणि काशीचा वेध, दोन्ही घेतले पाहिजेत.