दहा सेंटांचं तपकिरी तिकीट

अमेरिकेत टपाल तिकिटं 1847पासून छापली जात होती. त्यांवर कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा यायला मात्र 1940 साल उजाडावं लागलं. 7 एप्रिलला अलाबामातल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत, ती उभारणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांचं तपकिरी तिकीट निघालं. तेही मागितल्याशिवाय मिळालं नाही. फिलाडेल्फियातले बँकर मेजर रिचर्ड राइट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते.

तिकिटाची किंमत दहा सेंट. साध्या पत्राला तेव्हा तीन सेंट पुरत. म्हणजे घरोघरी येणाऱ्या पाकिटावर हा चेहरा क्वचितच दिसणार. मला हे अजूनही खुपतं. त्याच ऑक्टोबरात गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचं तीन सेंटांचं तिकीट आलं. ते भिंगाखाली धरून पाहा. लिंकन उभे आहेत आणि मुक्त झालेला माणूस त्यांच्यापुढे गुडघ्यावर आहे. स्वातंत्र्याचं तिकीट, पण उभं राहण्याचा मान दुसऱ्याला!

5 जानेवारी 1948ला, कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या पाचव्या स्मृतिदिनी, त्यांचं तिकीट निघालं. तेही टस्कीगीलाच, आणि किंमत तीन सेंट. आता कृष्णवर्णीय चेहरा साध्या पत्रावर बसला.

1963 साली लिंकनच्या मुक्ती-जाहीरनाम्याला शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त निघालेल्या तिकिटावर कोणाचाच चेहरा नाही, नुसती तुटलेली साखळी आहे. चित्रकार जॉर्ज ओल्डन. अमेरिकेचं टपाल तिकीट रेखाटणारे ते पहिले कृष्णवर्णीय. गुडघ्यावरच्या माणसाशेजारी ही साखळी चिकटवली की अल्बमचं पान आपणहून बोलू लागतं. पुढे 1978मध्ये हॅरिएट टबमन यांच्यापासून ‘ब्लॅक हेरिटेज’ मालिका सुरू झाली आणि दरवर्षी नवं तिकीट येण्याचा रिवाज पडला. 1988 साली या विषयाच्या संग्राहकांनी ‘एस्पर’ नावाची आपली संस्थाही काढली.

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरांना कार्व्हर परके नाहीत. त्यांचं 1948चं तिकीट दुर्मीळ नाही, महागही नाही. संग्रहाची सुरुवात त्यानेच करा. अल्बम नसेल, तर पुस्तकाच्या पहिल्या पानाशी, पारदर्शक पाकिटात ठेवा.